फाइलची साक्ष कोणी द्यायची?

एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एक वाक्य आहे असं समजू : ‘पानशेतचं धरण १९६१ साली फुटलं.’ काही वर्षांनी तेच पान उघडलं तर तिथे १९६० दिसतं. कोणी बदललं? कोणीच नाही. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत मराठी ‘१’ आणि ‘०’ यांच्यात एकाच बिटचा फरक असतो. तो बिट पालटला आणि साल बदललं. पान व्यवस्थित उघडतं, अक्षरं नीट दिसतात, सर्व्हर काही तक्रार करत नाही. याला आपण मूक बिघाड म्हणू.

डिस्क बंद पडली तर निदान कळतं तरी. शिवाय डिस्कची स्वतःची तपासणी असतेच. पण माहिती डिस्कपर्यंत पोहोचण्याआधीच सदोष मेमरीत बदलली, तर डिस्क ती चुकीची माहिती इमानदारीने जपून ठेवते. कंट्रोलर, केबल, डिस्कमधलं फर्मवेअर, कुठेही हे घडू शकतं.

यावर लोक म्हणतात, ‘आमच्याकडे दोन प्रती आहेत.’ ठीक. दोन प्रतींत फरक पडला, तर खरी कोणती? नुसत्या जोडप्रतीला हे सांगता येत नाही. आणि बॅकअप? तो बिघडलेली फाइलही तितक्याच निष्ठेने उतरवून घेतो. सातच दिवसांच्या प्रती ठेवत असाल, तर आठवड्याभरात शेवटची चांगली प्रतही पुसली जाते.

आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांचा एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक काही पुढे येईपर्यंत ते खरं माना. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य परतः, म्हणजे ज्ञानाच्या बाहेरच्या आधारावर ठरतं. रोजच्या व्यवहारात आपण मीमांसकच असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण मूक बिघाडात बाधक आपणहून पुढे येतच नाही. म्हणून फाइलींच्या बाबतीत आपल्याला नैयायिक व्हावं लागतं.

ही बाहेरची साक्ष म्हणजे चेकसम. एसएचए-२५६ ही पद्धत कोणत्याही फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा काढते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइल-व्यवस्था याच तत्त्वावर चालते. माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा ठसा ती त्या तुकड्याजवळ ठेवत नाही. त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या तुकड्यात ठेवते. वाचताना ठसा जुळला नाही, तर जोडप्रतीतला जुळणारा तुकडा घेऊन बिघडलेला दुरुस्त करते. आणि न वाचलेल्या फाइलींचं काय? त्यासाठी ‘स्क्रब’ असतं : ठरावीक काळाने सगळा साठा वाचून तपासायचा.

पण ठसा काढण्याआधीच माहिती बिघडली असेल, तर ठसाही चुकीच्याच माहितीचा निघेल. म्हणून सर्व्हरला चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी हवी.

तेव्हा होस्टिंगवाल्याला तीन प्रश्न विचारा. साठ्याला चेकसम आहे का? स्क्रब किती दिवसांनी होतं? मेमरी ईसीसी आहे का? आणि उत्तरं काहीही येवोत, आपली वही आपण ठेवा. जे बदलायचं नाही, म्हणजे छायाचित्रं, पीडीएफ, ध्वनिफिती, त्यांचे ठसे अपलोड करण्याआधी आपल्याच संगणकावर काढा, यादी वेगळ्या जागी ठेवा आणि दर महिन्याला सर्व्हरवरच्या फाइलींशी ताडून पाहा. डेटाबेस रोज बदलतो. त्याची उतरवलेली प्रत घ्या, तिचा ठसा ठेवा, आणि ती प्रत खरोखर उघडते का हे अधूनमधून करून बघा. रोजच्या बॅकअपखेरीज महिन्याची आणि वर्षाची एकेक प्रत न पुसता ठेवा. चूक उशिरा सापडली, तर मागे जायला वाट उरते.

ठसा फक्त एवढंच सांगतो की फाइल आपण ठेवली तशीच आहे. तिच्यातलं साल मुळात बरोबर होतं का, हे तपासणं आपल्याकडेच राहतं.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.