द्राक्षाची तपासणी होते, फवारणाऱ्याची होत नाही

तासगाव-मिरजेच्या बागांत वेलींवर जे निळसर पाणी मारतात, त्याला आपला शेतकरी 'बोर्डो' म्हणतो. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो शहरावरून त्याला हे नाव पडले. त्यामागची हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे पोखरली. त्यावर उतारा म्हणून दणकट मुळांच्या वेली अमेरिकेतूनच आणवल्या, आणि त्याच देवाणघेवाणीत केवडा रोगही समुद्र ओलांडून गेला. तो आवरण्यासाठी १८८५ च्या सुमारास हे मिश्रण प्रचारात आले. आज आमच्याकडील पुष्कळ बागा 'डॉगरीज' नावाच्या अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या असतात आणि केवड्याशी दरसाल झुंजतात. व्यापाराबरोबर रोग गेला, रोगामागून औषध आले, आणि औषधातील तांबे जमिनीत साठत राहिले. हा क्रम काही १९९१ साली सुरू झालेला नाही. १९९१ नंतर वेग वाढला हे खरेच. पण त्याहून मोठा फरक असा की, मालाबरोबर आता नियमही प्रवास करू लागले. आम्हाला आज बोलायचे आहे ते या नियमांविषयी.

युरोपात जाणाऱ्या द्राक्षावर औषधाचा अंश किती चालेल, याची मर्यादा ठरलेली असते. ज्या औषधासाठी निराळी मर्यादा सांगितलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच मुभा. हे प्रमाण डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. २००३ साली आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडल्यावर युरोपातील खरेदीदार बिथरले. मग 'अपेडा' आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि नमुन्यांची तपासणी सुरू केली. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आले. परदेशातील पेटीवरून ती कोणत्या गटातील बागेची, हे शोधण्याची सोय त्याने झाली.

तरीही २०१० साली घात झालाच. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून तिला फळाकडे वळवण्यासाठी 'क्लोरमेक्वाट क्लोराइड' हे संजीवक बागायतदार वापरीत आले होते. आपल्याकडील तपासणीच्या यादीत ते नव्हते. युरोपातील प्रयोगशाळांना ते सापडले, आणि भरलेले कंटेनर बंदरांत अडकून पडले. ज्याने यादीबरहुकूम सगळे केले, तोही बुडाला. आपल्या बागेवर लागू होणारा नियम दूरच्या देशात लिहिला जातो आणि इकडे त्याची खबर माल पोचल्यावर लागते, याचा अनुभव त्या वर्षी पुष्कळांना आला.

मात्र या नियमांनी भले काहीच केले नाही असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते मान्य करणार नाही. कोणते औषध कधी मारले, किती मारले, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, हे वहीत लिहिण्याची शिस्त आमच्या भागात आली ती या परकीय अटींमुळेच. आपल्या कृषिखात्याने सांगून जे झाले नाही, ते लंडन-रॉटरडॅमच्या दुकानदाराने करून घेतले. निर्यातीत नाशिक पुढे आहे, आमच्याकडचा पुष्कळ माल बेदाण्याला जातो, हेही खरे. आणि गावच्या बाजारात जी द्राक्षे आपली मुले खातात, त्यांची तशी बागवार तपासणी होत नाही, हेही तितकेच खरे.

पण आमचा मुख्य मुद्दा पुढेच आहे. द्राक्षावरील अंश मोजला जातो, कारण द्राक्ष पलीकडच्या ताटात जाते. फवारणाऱ्या मजुराच्या अंगात किती गेले, हे कोणी मोजत नाही. तो इथेच राहतो. ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवणारा, नळी ओढणारा, पिंपात औषध कालवणारा हा माणूस बहुधा रोजंदारीचा असतो, कित्येकदा जत, माण-खटाव किंवा सीमेपलीकडून आलेला. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फळ तयार होईपर्यंत त्याची सुटका नसते, आणि अवकाळी पावसाने केवडा बळावला म्हणजे फवारण्यांची संख्या सांगता येत नाही. तोंडाला काही का बांधत नाही, असे एकाला विचारले, तर तो म्हणाला, "अण्णा, बांधलं की दम कोंडतोय, आन् चष्म्यावर वाफ धरतीया. मालकानं दिलंय, न्हाई असं न्हाई. खोपीत टांगलंय." खरेदीदारांच्या प्रमाणपत्रात संरक्षक पोशाखाची अट असते, पण ती पाहिली जाते तपासनीस येतो त्या दिवशी. औषधाचा अंश खोपीत टांगून ठेवता येत नाही, म्हणून ती अट पाळली जाते.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. १९६८ चा कीटकनाशके कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांत संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, कामगारांचे प्रशिक्षण आणि फवारणीस लावण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, हे सर्व लिहिलेले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी व शेतमजूर गेले, तेव्हा हे नियम जागच्या जागीच होते. आणि परदेशांची रीतही पाहण्यासारखी. 'डायफेन्थियुरॉन' हे कीटकनाशक स्वित्झर्लंडने आपल्या शेतांत मना केले होते, परंतु बाहेर विकण्यावर बंदी घातली ती १ जानेवारी २०२१ पासून. मधली वर्षे ते इतरांच्या शेतांसाठी चालत होते.

साताऱ्याच्या पठारावर हाच हिशेब निराळ्या रूपात दिसतो. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या सड्यांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्या धूर न करता वीज देतात, ही चांगली गोष्ट आहे. १९९७ च्या क्योटो करारातून निघालेल्या योजनेखाली महाराष्ट्रातील कित्येक पवनचक्क्यांनी वाचवलेल्या धुराचे मोल जगाच्या बाजारात ठरवण्यात आले. धूर टनात मोजता येतो, म्हणून त्याला भाव आला. पण सड्यावरची वीतभर माती, पावसाळ्यात साचणारी डबकी, आणि ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुरा, हे रस्ते आणि पाये खणताना कोणत्या रकान्यात धरले गेले? शेजारच्या कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. पवनचक्क्यांखालचे सडेही त्याच जांभ्या दगडाचे आहेत.

तेव्हा मागणी करायची ती जे मोजले जात नाही ते मोजण्याची. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांचा परिणाम रक्तातील 'कोलिनेस्टरेज' या द्रव्याच्या प्रमाणावरून कळतो. छाटणीपूर्वी एकदा आणि हंगाम सरताना एकदा, अशी फवारणाऱ्याच्या रक्ताची तपासणी व्हावी, आणि तिची नोंद फवारणीच्या वहीतच असावी, असे आमच्या संघटनेचे म्हणणे आहे. अशी नोंद असलेली वही आमच्या तरी पाहण्यात नाही. बागायतदार मंडळींपुढे हे मांडले तेव्हा पहिला प्रश्न आला तो, खर्च कोणी करायचा? निर्यातीच्या नमुन्याच्या तपासणीचा खर्च आज मालावरच पडतो, आणि पेटीचा भाव ठरताना तो धरला जातो. रक्ताच्या दोन तपासण्या त्याच भावात धराव्यात, आणि पेटी विकत घेणाऱ्याने त्यांचा दाखला मागावा, हे आम्ही खरेदीदारांनाही लिहून कळवणार आहोत.