एका मुलाचा महिना

पितृपंधरवड्यात एखाद्या अनाथाश्रमात जेवण द्यायचं ठरवून फोन केला, तर ‘तारीख शिल्लक नाही’ असं उत्तर मिळू शकतं. शहरालगतच्या बऱ्याच संस्थांच्या कचेरीत त्यासाठी एक वही असते. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाची पंचविशी, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी. काही तारखांपुढे दोन नावं असतात, एकाचं सकाळचं जेवण आणि दुसऱ्याचं रात्रीचं. मुलं रांगेत बसतात, श्लोक म्हणतात, न पाहिलेल्या माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि गुलाबजाम खातात. मग फोटो निघतो आणि पाहुणे निघतात.

जूनमध्ये त्या वहीची आठवण फारशी कुणाला होत नाही. दहावी झालेल्या मुलीची अकरावीची फी, एकाचा फुटलेला चष्मा, दुसऱ्याच्या किडलेल्या दाढेचं रूट कॅनल, रात्रपाळीच्या ताईंचा पगार, विजेचं बिल. या खर्चांना वाढदिवस नसतो. अधीक्षकांना मोकळेपणी विचारलं, तर एका दिवसाच्या पंगतीपेक्षा बारा महिने न चुकता येणारे हजार रुपये बरे, असंच ते म्हणतील. येणारी रक्कम ठाऊक असली की माणूस कामावर ठेवता येतो, दातांच्या डॉक्टरची वेळ घेता येते. पंगतीच्या भरवशावर यातलं काहीच ठरवता येत नाही.

साधं राहायचं आणि वाचलेलं गरजू मुलांना द्यायचं, हा विचार आपल्याकडे फार लवकर भावनेच्या वाटेला लागतो. तो आधी हिशेबाच्या वाटेने न्यावा. एका मुलाला महिन्याला किती लागतात? याचं एक सरकारी उत्तर आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आईवडील नसलेल्या, किंवा एकच पालक असून त्याला सांभाळणं झेपत नसलेल्या मुलाला संस्थेत न धाडता आईकडे, आजीकडे, मामाकडेच वाढू द्यावं आणि त्या घराला दरमहा हातभार लावावा, असा तिचा बेत. ही रक्कम आधी 425 रुपये होती, मग 1,100 झाली आणि 2023 पासून 2,250 आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशाच मुलांसाठी महिन्याला 4,000 रुपये धरलेले आहेत. म्हणजे सरकारदरबारी एका मुलाचा महिना 2,250 ते 4,000 रुपयांत बसतो. तो खरोखर बसतो का, हे वाढत्या वयाचं मूल घरात असलेल्या कुणालाही विचारावं. आणि हे पैसेही दर महिन्याच्या महिन्याला हातात पडतातच असं नाही. थकबाकीची रडकथा हेलपाटे घालणाऱ्या प्रत्येक आईकडे असते.

आता हाच आकडा आपल्या घरात फिरवून पाहू. चौघांचं कुटुंब शनिवारी रात्री बाहेर जेवलं, तर पुण्या-मुंबईत दीड-दोन हजारांचं बिल सहज होतं. महिन्यात चारदा जाण्याऐवजी दोनदा गेलं, तर बालसंगोपनाची रक्कम निघून वर थोडे उरतात. चालू असलेला फोन आणखी दोन वर्षं वापरला, मुलाच्या वाढदिवसाला हॉल न घेता घरी बटाटेवडे केले, तर वर्षाचे किती महिने निघतात हे ज्याचं त्यानं मांडावं. हॉटेलात जाऊच नये असं मुळीच म्हणणं नाही. आपल्या घरातल्या पोरांनीही पावभाजी खावी. फक्त कात्री लावली की वाचलेला पैसा त्याच दिवशी कुठे जाणार हे ठरलेलं असावं, नाहीतर तो दुसऱ्या खरेदीत विरघळतो आणि आपण साधे राहिलो एवढं समाधान तेवढं उरतं.

साधेपणाचाही आता बाजार झाला आहे, हे जाता जाता सांगायला हवं. ‘मिनिमल’ म्हणून विकली जाणारी हातमागाची कुर्ती, बांबूचे दातांचे ब्रश आणि मातीची भांडी घेऊन घर साधं करायला बसलं, तर आधीच्या घरापेक्षा ते महाग पडतं. आणि घरातली अडगळ काढणं म्हणजे देणं, हा समज तर पक्काच. संस्थांच्या दारात दिवाळीआधी येणारी बोचकी उघडून पाहावीत. चेन तुटलेली जीन्स, बटणं नसलेले शर्ट, बाह्या उसवलेले फ्रॉक, एकाच पायाचा बूट. ते निवडायला एका बाईचा अख्खा दिवस जातो आणि उरलेलं टाकायला टेम्पोचं भाडं पडतं.

आपल्याकडे या वाटेवर फार मोठी माणसं चालून गेली आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली, ती मुख्यतः तरुण विधवांसाठी. 1900 मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत कर्वे पायी हिंगण्याला जात, हातात आश्रमासाठीच्या वस्तू. हे चित्र शाळेच्या पुस्तकांनी आपल्या मनात कोरलं आहे. मात्र त्या साधेपणाची किंमत घरात कोण मोजत होतं, हे कळायला त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं ‘माझे पुराण’ वाचावं लागतं. नवऱ्याचा जीव आश्रमात आणि संसाराची ओढाताण आपल्या पदरी, हे त्यांनी काहीही न झाकता सांगितलं आहे. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहाची गोष्टही तीच. तिथल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. 1930 मध्ये त्या गेल्या. त्यागाचे पोवाडे बहुधा पुरुषाच्या नावाने गायले जातात आणि डबा रिकामा झाल्याचं आधी बाईला कळतं. म्हणून घरखर्चाला कात्री लावायची तर ती सगळ्यांनी बसून लावावी. एकानं संत व्हायचं आणि बाकीच्यांनी निमूट सोसायचं, हा साधेपणा नव्हे.

शिवाय असा त्याग फार थोड्यांना जमतो, आणि तो जमत नाही म्हणून बाकीचे नमस्कार करून मोकळे होतात. मला त्याहून मोलाची वाटते ती मुष्टिफंडाची रीत. पणजीत 1908 मध्ये मुष्टिफंड संस्था सुरू झाली, ती घरोघरी रोज बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर. भात शिजवताना एक मूठ वेगळ्या डब्यात पडायची. त्यात कुणाचं मंगळसूत्र जात नव्हतं, घरचं कुणी उपाशी राहत नव्हतं आणि संस्थेची शाळा चालत होती. ऑस्ट्रियात हेर्मान ग्माइनर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी 1949 मध्ये इम्स्ट या गावी पहिलं एसओएस बालग्राम उभं केलं, तेही लोकांकडून महिन्याला एक शिलिंग मागून. मागणं एवढं लहान, की नाही म्हणायला लाज वाटावी. आजच्या बँकेच्या ऑटो डेबिटमध्ये त्या तांदळाच्या डब्याचंच काम होतं.

पैसा निघाला, तर तो कशावर लावायचा? इथे गेल्या काही दशकांत विचार बराच बदलला आहे आणि आपल्या दानाची सवय मात्र जुन्याच जागी आहे. रुमानियाच्या बुखारेस्टमध्ये 2000 साली अनाथालयांतल्या 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं चिठ्ठी टाकावी तशी निवडून पालनकर्त्या कुटुंबांत ठेवली, बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं आणि माणसांशी जडणारा जिव्हाळा संस्थेतल्यांपेक्षा चांगला वाढला, आणि बहुतेक बाबतीत दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा जास्त फायदा झाला. संस्थेत खायला मिळत होतं. दर पाळीला माणूस बदलत होता, हे खरं दुखणं. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यानेही हेच तत्त्व मानलं आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय, त्याआधी घर, नातेवाईक, दत्तक, प्रतिपालकत्व.

आणि ज्यांना आपण सरसकट अनाथ म्हणतो, त्यांच्यातल्या बहुतेकांची आई किंवा वडील हयात असतात. ऊसतोडीला जाणारी विधवा, व्यसनी नवऱ्याला सोडून आलेली बाई, धुणीभांडी करणारी आजी. पोर नकोसं झालं म्हणून त्यांनी ते संस्थेत ठेवलेलं नसतं, दोन वेळचं जेवण आणि शाळा परवडत नाही म्हणून ठेवलेलं असतं. करोनाच्या साथीत हे ठळक झालं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्राने तेविसाव्या वर्षी मिळणाऱ्या दहा लाखांची सोय केली. एकच पालक गेलेली मुलं संख्येने कितीतरी अधिक होती आणि त्यांच्या वाट्याला ही मोठी रक्कम नव्हती. अशा आईला महिन्याचे अडीच हजार मिळाले आणि बालसंगोपनाचा अर्ज भरायला, रहिवासी दाखला आणि मृत्यूचा दाखला जमवायला कुणी सोबत आलं, तर एक मूल आपल्याच घरात वाढतं. त्याचा फोटो काढून स्टेटसला लावण्याजोगं काही नसतं. तसा तो लावायचाही नसतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याचीच मनाई आहे.

याचा अर्थ संस्थांना देऊ नये असा नाही. ज्यांना खरंच कुणी नाही अशी मुलं आहेत, आणि त्यांना तिथेच मोठं व्हायचं आहे. देताना दोन-चार गोष्टी विचाराव्यात आणि त्यात संकोच वाटून घेऊ नये. बाल न्याय कायद्याखाली संस्थेची नोंदणी आहे का? मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलं आहे का? मुलांना सुटीत नातेवाइकांकडे पाठवता का? जी संस्था घरी परतलेल्या मुलांचा आकडा अभिमानाने सांगते, तिच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. कर सवलतीसाठी 80जीची पावती मिळते, पण रोख दिलेल्या 2,000 रुपयांपुढच्या देणगीवर ती सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळीच मिळत नाही.

मला सगळ्यात मोठी फट दिसते ती अठराव्या वाढदिवसाला. बालगृहातला मुक्काम त्या दिवशी संपतो. एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि त्यासाठी अनुरक्षणगृहं आहेत, पण ती थोडी आहेत. 2018 पासून महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर अनाथ प्रमाणपत्र काढावं लागतं आणि स्पर्धा परीक्षेला बसेपर्यंत कुठेतरी राहावं लागतं. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर डिपॉझिट, मेस, बसचा पास, क्लासची फी. वाढदिवसाच्या वहीत या वयाच्या मुलांसाठी कुणीच नाव लिहीत नाही, कारण ती लहान आणि गोड राहिलेली नसतात.

महिन्याचे अडीच हजार काढून ठेवायची ज्या घराची तयारी झाली असेल, त्यानं जवळच्या बालगृहात फोन करून एवढंच विचारावं, की यंदा तुमच्याकडची किती मुलं अठरा पूर्ण करतात. त्यातल्या एकाची मेस उचलावी. तीन वर्षांचा शब्द देता येत नसेल तर एका वर्षाचा द्यावा, तसं आधीच स्पष्ट सांगावं आणि मध्येच थांबावं लागलं तर दोन महिने आधी कळवावं. मेसवाले पैसे आगाऊ घेतात, एक तारखेला.