विंचवाचा डंख आणि आपले हृदय

दरवर्षी २० मार्चला पनवेलहून आपली अनेक कुटुंबे महाडच्या चवदार तळ्याकडे निघतात. गोवा महामार्गाच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे, पेंढ्याच्या उडव्या आणि दगडांचे गडगे दिसतात. अशाच दगडांच्या फटीत, लाकडाच्या ढिगात, पेंढ्याखाली कोकणातला लाल विंचू दबा धरून बसतो. तो आकाराने लहान असला तरी त्याच्या विषाने धडधाकट माणूसही दगावतो.

महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचू चावलेली माणसे, त्यातही लहान मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. डंख हाताला किंवा पायाला, मग मरण कसे येते? या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. रुग्णाच्या खाटेशी बसून ते नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद करत राहिले. त्यांना काय उमगले, हे समजण्यासाठी आधी आपल्या शरीराचा कारभार पाहू.

शरीरातील पंप आणि नळ

आपले हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. ते मिनिटाला सत्तरएक वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवते. तेथे प्राणवायू मिळालेले रक्त डाव्या बाजूला येते आणि तेथून सर्व शरीरात जाते.

रक्तवाहिन्या हे या पंपाचे नळ. पण हे नळ लोखंडाचे नाहीत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात, म्हणून ते अरुंद किंवा रुंद होऊ शकतात. हे काम आपल्या हुकुमाशिवाय चालणाऱ्या मज्जातंतूंकडे असते. रात्री अंगावर कुत्रा धावून आला की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. मूत्रपिंडावरील ग्रंथी आणि मज्जातंतू त्या वेळी ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात सोडतात. कुत्रा गेला की थोड्या वेळात सर्व शांत होते.

लाल विंचवाचे विष नेमके हे शांत होणेच बंद पाडते. मज्जातंतूंमधली दारे त्यामुळे उघडीच राहतात आणि ही द्रव्ये पुराप्रमाणे वाहू लागतात. सर्व रक्तवाहिन्या आवळतात. चाळीतली पाण्याची मोटर चालू आहे आणि कोणी पाइप मुरगळून धरला, तर मोटरचे काय होईल? हृदयाचे तेच होते. डावी बाजू थकते, रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते, हवेच्या पिशव्यांत पाणी झिरपते. रुग्णाला दम लागतो, तोंडातून लालसर फेस येतो. डंख पायाला, पण जीव जातो तो हृदय आणि फुफ्फुसे यांच्यामुळे.

साध्या गोळीची करामत

या लक्षणांवरचा डॉ. बावस्कर यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. पाइपच आवळला असेल तर तो सैल करायला हवा, या विचाराने त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात सुमारे तीस दगावत. प्राझोसिन वापरात आल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीही साथ होती. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी पुढे २०११ साली दाखवले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

घरात काय लक्षात ठेवावे?

विंचू चावल्यावर उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची घंटा आहे. वेदना थांबली म्हणजे विष उतरले, असे मुळीच नाही. मांत्रिकाने मंत्र म्हटला आणि ठणका कमी झाला, तरी आत हृदयावरचा ताण वाढत असू शकतो. म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. जखम कापू नये, घट्ट दोरी आवळू नये. रुग्णाला, विशेषतः मुलाला, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

सकाळी चप्पल-बूट झटकूनच घालावेत. अंथरूण झटकावे. सरपणात किंवा विटांच्या ढिगात उघडा हात घालू नये. रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्यावी. आणि हे सर्व घरातल्या आजीला व मुलांनाही समजावून सांगावे. संकटाच्या वेळी कोणीतरी एकाने ‘आधी दवाखाना’ म्हणायला हवे.