गच्चीवरील बाग : आधी भाराचा विचार

गुडघे आखडलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा निवृत्तीनंतर एकाकी झालेल्या अनेक ज्येष्ठांना मी बागकामाचा सल्ला देत आलो आहे. हर्सूलसारख्या वाढत्या वस्तीत अंगण उरत नाही, तेव्हा बाग गच्चीवर जाते. तेथे हालचाल होते, कोवळे ऊन मिळते, मनाला विरंगुळा लाभतो. मात्र एक प्रश्न विचारायचे माझ्याकडून बराच काळ राहून गेले : आपली गच्ची हे ओझे पेलेल का?

माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी, आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार, दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार धरतात. एक घनमीटर ओली माती सुमारे १,८०० किलो भरते. म्हणजे फूटभर खोल वाफा केल्यास प्रत्येक चौरस मीटरवर साडेपाचशे किलोंच्या आसपास भार येतो, आणि तोही कायमचा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात हे ओझे वाढते. त्यात पाणीटंचाईमुळे गच्चीवर टाक्या असतातच. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन.

याचा अर्थ बाग नकोच, असा नव्हे. ती हलकी असावी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग फुलवली. आपणही कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत आणि थोडीच माती वापरावी. कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती व तुळया यांच्या रेषेवर ठेवाव्यात. सज्जावर मुळीच ठेवू नयेत. कुंडीखाली स्टँड असावा, म्हणजे पाणी साचणार नाही. मुरलेल्या पाण्याने सळया गंजतात व स्लॅब कमकुवत होतो.

छताला ओल, पोपडे, तडे किंवा उघड्या सळया दिसल्यास बाग वाढवणे थांबवावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. घर जुने असल्यास लक्षणांची वाट पाहू नये. त्या छताखाली आपण आणि आपली नातवंडे झोपतात.

काळजीवाहकांना एक विनंती : भरलेली कुंडी किंवा खताची गोणी ज्येष्ठांना उचलू देऊ नका, जिन्याला कठडा बसवा, शेवाळ वेळीच घासून काढा आणि उन्हाळ्यात गच्चीवरची कामे सकाळी लवकर आटोपू द्या. रक्तदाब मोजूनच आपण औषध ठरवतो. बागेचे वजनही तसेच आधी मोजावे.