ज्येष्ठमधाचे धागे

बाटलीत तेल आणि पाणी घालून जोराने हलवले, तर क्षणभर दुधाळ मिश्रण दिसते. बाटली खाली ठेवली की थोड्याच वेळात तेल पुन्हा वर येते. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब विखुरलेल्या अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूध हेही पायसच. कच्चे दूध नुसते ठेवले तरी त्यातला स्निग्धांश हळूहळू वर येतो. पण दही लागले की प्रथिनांच्या जाळ्यात हे स्निग्ध थेंब जागच्या जागी अडकतात. अशा घट्ट पायसाला आपण पायस-जेल म्हणू.

औषधांशी याचा काय संबंध? हळदीतल्या कुर्क्युमिनसारखी अनेक द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. असे तेल जेलमध्ये पकडून ठेवले, तर ते जखमेवर लावता येईल आणि औषध सावकाश बाहेर येईल. थेंब टिकवण्यासाठी साबणासारखी कृत्रिम द्रव्ये वापरतात, पण त्यांतली काही त्वचेचा दाह करतात. म्हणून आम्हा संशोधकांना नैसर्गिक पर्यायांचे आकर्षण वाटते.

असा एक पर्याय ज्येष्ठमधाच्या मुळात आहे. मुळाची गोडी ज्यामुळे येते, ते ग्लिसिरायझिक आम्ल. त्याच्या रेणूची एक बाजू वलयांची, ताठर आणि पाणी टाळणारी असते. दुसऱ्या बाजूला साखरेसारखे दोन घटक असतात, ते पाण्याशी सलगी करतात. साबणाच्या रेणूलाही अशा दोन बाजू असतात, पण त्याची शेपटी लवचीक असल्याने त्याचे रेणू पाण्यात सहसा गोल पुंजके करतात. ग्लिसिरायझिक आम्लाचे ताठर रेणू मात्र एकमेकांवर रचले जाऊन लांब, पिळदार तंतू बनतात. गरम पाण्यात ते विरघळवून थंड केले, की हे तंतू आपोआप तयार होतात. यालाच स्वयंजुळणी म्हणतात. तंतूची जाडी सुमारे २.५ नॅनोमीटर असते. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो!

तेल मिसळल्यावर काही तंतू थेंबांभोवती आवरण करतात, तर उरलेले पाण्यात जाळे विणतात. त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि वरही येत नाहीत. रेणूंमधले बंध दुर्बल असल्याने तापवले की जाळे सुटते, थंड केले की पुन्हा जुळते.

मग हे औषध म्हणून लगेच वापरावे का? नाही. हेच आम्ल पोटात जास्त गेले, तर कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या एका एन्झाइमचे काम अडते. शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो. म्हणून अशा जेलमधून किती आम्ल रक्तात जाते, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पदार्थ नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. प्रश्न मात्रेचा असतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत ज्येष्ठमधाचा गाळून थंड केलेला काढा घ्या. दोन्हींत सारखेच तेल घालून सारखेच हलवा. काढ्यात आम्ल थोडेच असते, तेव्हा जेलची अपेक्षा ठेवू नका. पण फेस कुठे येतो, तेल कुठे लवकर वेगळे होते, हे घड्याळ लावून नोंदवा आणि त्याचे कारण विद्यार्थ्यांना रेणूच्या दोन बाजूंवरून शोधू द्या.