झारचे कर्ज आणि क्रांतीचा वारसा

अर्खांगेल्स्क बंदरात 1918 साली उतरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या पलटणींची हकीकत या आठवड्यात सांगण्याचा वायदा मी केला होता. तो पुढे ढकलावा लागत आहे, कारण सांगलीच्या एका वाचकांनी पत्रातून विचारलेल्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ते विचारतात: इंग्लंडने 1921 च्या मार्चमध्येच मॉस्कोशी व्यापारी करार केला, मग स्वतः राज्यक्रांतीची परंपरा सांगणारा फ्रान्सच बोल्शेविकांच्या बाबतीत इतका ताठर का राहिला? याचे उत्तर मार्क्सच्या ग्रंथांहून फ्रेंच गृहस्थांच्या तिजोऱ्यांत अधिक सापडते, आणि साम्यवादी व भांडवलशाही राष्ट्रांच्या वैराचे मूळ शोधू पाहणाऱ्याने त्या तिजोऱ्या आधी उघडाव्यात असे माझे फार दिवसांचे मत आहे.

या कर्जव्यवहाराला चालना मिळाली ती, नवलाची गोष्ट अशी की, बिस्मार्कच्या हातून. रशियन रोखे तारण म्हणून स्वीकारण्यास जर्मनीच्या राइक्सबँकेला त्याने 1887 च्या नोव्हेंबरात मनाई केली. बर्लिनचा दरवाजा असा बंद होताच सेंट पीटर्सबर्गचे अर्थखाते पॅरिसकडे वळले, 1888 च्या अखेरीस 50 कोटी फ्रँकांचे पहिले कर्ज तेथे उभे राहिले, आणि पैशाच्या मागोमाग राजकारण चालत येऊन 1894 पर्यंत लोकसत्ताक फ्रान्स आणि निरंकुश झारशाही यांच्यात लष्करी तह पुरा झाला. त्यानंतर शाळामास्तर, शेतकरी, पेन्शनर, विधवा अशा लक्षावधी सामान्य फ्रेंचांनी आपली पुंजी या रोख्यांत घातली, ती इतकी की 1914 च्या सुमारास परदेशांत गुंतलेल्या फ्रेंच भांडवलापैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या रशियात होता. ही पत टिकावी म्हणून रशियन अर्थखात्याचा पॅरिसमधील प्रतिनिधी आर्तुर राफालोविच फ्रेंच वृत्तपत्रांना पैसे चारीत असे. त्याची पत्रे क्रांतीनंतर दप्तरातून बाहेर पडली आणि 1923-24 मध्ये 'ल्युमानिते' या वृत्तपत्राने ती छापली, तेव्हा लहान ठेवीदाराची फसवणूक किती पद्धतशीर होती हे जगाला कळले. त्या ठेवीदाराविषयी मला मनापासून करुणा वाटते; या साऱ्या प्रकरणात त्याच्याइतका निरपराध दुसरा कोणीच नव्हता.

परंतु धनकोला पूर्वसूचना मिळालीच नव्हती असे म्हणता येणार नाही. 1905 च्या डिसेंबरात, म्हणजे लेनिन सत्तेवर येण्याच्या बारा वर्षे आधी, पीटर्सबर्गच्या कामगार सोव्हिएतने समाजवादी पक्षांसह एक आर्थिक जाहीरनामा काढला आणि प्रजेशी उघड युद्ध मांडलेल्या झारच्या सरकारने घेतलेली कर्जे आम्ही फेडू देणार नाही असे बजावले. जाहीरनामा निघताच सोव्हिएतचे सभासद कैद झाले, आणि पुढच्याच एप्रिलात, पहिली ड्यूमा भरण्यापूर्वी, सव्वादोन अब्ज फ्रँकांचे प्रचंड कर्ज प्रामुख्याने पॅरिसमध्ये मंजूर होऊन त्याच्या बळावर झारला लोकप्रतिनिधींपुढे पदर पसरण्याची गरज उरली नाही. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून बोल्शेविकांच्या 3 फेब्रुवारी 1918 च्या फर्मानाचा आवेश समजत नाही. त्या फर्मानाने सर्व परकीय कर्जे, एकही अपवाद न करता, रद्द ठरविली. देशातील अल्प उत्पन्नाच्या रोखेदारांना मात्र 10,000 रूबलपर्यंत संरक्षण दिले.

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे: पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा सामान्य नियम, पण मद्य, द्यूत आणि तत्सम गोष्टींसाठी काढलेले अव्यावहारिक ऋण त्याच्यावर बंधनकारक नाही. राष्ट्रांच्या बाबतीत हेच तत्त्व 1927 मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले ते अलेक्झांडर झाक या रशियन कायदेपंडिताने, आणि तो बोल्शेविक मुळीच नव्हता. आपल्याकडे 1922 च्या अखेरीस गया काँग्रेसनेही तत्कालीन कायदेमंडळांना राष्ट्राच्या नावे कर्ज काढण्याचा अधिकार नाही असे ठरवून, यापुढील कर्जांना स्वराज्य बांधील राहणार नाही अशी जगाला नोटीस दिली होती.

पश्चिमी मुत्सद्द्यांच्या दृष्टीने मात्र राज्य ही अखंड व्यक्ती. राजा गेला, राज्यपद्धती पालटली, तरी सही कायम. बोल्शेविकांच्या दृष्टीने राज्य हे वर्गाचे हत्यार, आणि शत्रूवर्गाच्या हत्याराने केलेली सही विजयी वर्गाला बांधीत नाही. या दोन सिद्धांतांची समोरासमोर गाठ पडली ती 10 एप्रिल 1922 रोजी जिनोआला भरलेल्या परिषदेत, आणि तीही पलात्सो सान जॉर्जो या वास्तूत, जेथे युरोपातील अतिप्राचीन बँकांपैकी एक शतकानुशतके नांदली होती. त्यापूर्वी जानेवारीत कान येथे दोस्त राष्ट्रांनी मान्य केले होते की मालमत्तेची कोणती व्यवस्था पत्करावी हे कोणी कोणाला शिकवू नये, आणि त्याच ठरावात पूर्वीची कर्जे मान्य करण्याची अटही घातली होती. एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेणारा तो मसुदा होता. रशियाचा परराष्ट्रमंत्री चिचेरिन हा जुन्या घराण्यातला, दप्तरांत मुरलेला माणूस. त्याने ऑक्टोबर 1921 मध्येच महायुद्धापूर्वीची कर्जे सशर्त मान्य करण्याची तयारी दाखविली होती, म्हणजे पैशावर तडजोड शक्य होती. जिनोआत त्याच्या पक्षाने दोस्त राष्ट्रांच्या हस्तक्षेपाच्या युद्धातील नुकसानीचा 39 अब्ज सुवर्ण रूबलांचा उलट दावा मांडला, आणि 11 मेच्या खलित्यात फ्रान्सला त्याच्याच 1792 च्या कन्व्हेन्शनची आठवण दिली, की जुलमी राजांच्या तहांनी जनतेचे सार्वभौमत्व बांधले जात नाही असे त्या सभेने जाहीर केले होते. फ्रान्सपाशी याला युक्तिवादाचे उत्तर नव्हते. परिषद अखेर फुटली ती मुख्यतः परकीयांच्या जप्त कारखान्यांच्या प्रश्नावर, कारण कर्जाला हप्ते बांधून देता येतात, पण कारखाने परत करणे म्हणजे क्रांतीच मागे घेणे झाले असते.

दरम्यान 16 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, जवळच्या रापाल्लो गावी चिचेरिन आणि जर्मनीचा परराष्ट्रमंत्री राटेनाऊ यांनी तह करून टाकला होता. त्यात राष्ट्रीयीकृत मालमत्तेवरचे आपले दावे जर्मनीने सोडले, मात्र रशियाने दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राचे तसले दावे पुरवू नयेत या अटीवर. त्यामुळे फ्रेंच रोखेदाराची उरलीसुरली आशाही त्या एका कलमात अडकली. फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती 28 ऑक्टोबर 1924 रोजी, कर्जाचा प्रश्न पुढील वाटाघाटींसाठी राखून ठेवून. त्या वाटाघाटी निष्फळ झाल्या, आणि सरकारा-सरकारांतील हिशेब मिटला तो 1997 च्या करारात, रशियाने 40 कोटी डॉलर देऊ केले तेव्हा.