सराव परीक्षेत गुण कमी पडले, तर?

परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्या मुलाला आपल्या गावात लगेच दवाखान्याची पाटी लावता येत नाही, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही पुष्कळांना ठाऊक झाली आहे. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपाईन्स अशा देशांतून पदवी घेऊन मुलगा परतला, की त्याला आधी एक छाननी परीक्षा द्यावी लागते. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. मुले तिला ‘एफ.एम.जी.ई.’ म्हणतात. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००२ पासून ही परीक्षा सुरू झाली. ती पार पडल्यावर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग रुग्णालयातली उमेदवारी, आणि नंतर कायमची नोंदणी, असा हा रस्ता आहे. रस्त्यावरचे पहिलेच दार अरुंद आहे. २०२४ च्या जून सत्राच्या परीक्षेत बसलेल्यांपैकी पाचांतला जेमतेम एक उत्तीर्ण झाला.

आता समजा, तेरखेड्यातल्या एखाद्या घरचा असा मुलगा किंवा मुलगी आहे. परीक्षेला तीन-चार आठवडे उरले आहेत. त्याने घरी बसून पूर्ण सराव परीक्षा दिली आणि गुण पडले ३०० पैकी १२६. उत्तीर्ण व्हायला लागतात १५०. आई विचारते, “किती पडले रे?” आणि पोरगे जेवणावरून उठून जाते. शेत गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून सहा वर्षे शिकवलेले असते. गावात चार माणसे रोज विचारतात, “काय, झाला का डॉक्टर?” अशा वेळी त्या १२६ या आकड्याचे काय करायचे, एवढीच गोष्ट आज तुम्हांला सांगावयाची आहे.

प्रथम आकडाच नीट वाचू. ही परीक्षा ३०० प्रश्नांची, दोन भागांत असते. प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटे. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे निम्मी उत्तरे बरोबर येणाऱ्या मुलाने तितक्याच अवघड अशा दोन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, तर अभ्यास तसूभरही न वाढता आठ-दहा गुणांचा फरक केवळ प्रश्नांच्या निवडीमुळे पडू शकतो. हे गणिताने दाखवता येते. शिवाय सराव परीक्षा काढणाऱ्या संस्था अनेक. कोणाची पत्रिका मुद्दाम कठीण, कोणाची सोपी. सगळ्यांचे माप एक नव्हे. तेव्हा एका आकड्यावरून ‘पोरगा नापास होणार’ असा निकाल देणे जितके चूक, तितकेच ‘काही नाही, पेपरच कठीण होता’ म्हणून तो कागद गुंडाळून ठेवणेही चूक. दुसरी चूक जास्त गोड, म्हणून जास्त घातक.

तेरखेडा हे फटाक्यांचे गाव. फटाका फुसका निघाला, तर जाणता कारागीर कपाळाला हात लावून बसत नाही. दारूला ओल लागली, का वात बिघडली, का गुंडाळणी सैल राहिली, हे तो आधी विचारतो. कारण प्रत्येकाचा उपाय निराळा. चुकलेल्या उत्तराचेही असेच आहे. आणि फटाक्यांच्या गावाला समजेल असाच एक प्रश्न उदाहरणाला घेऊ.

पन्नास किलो वजनाचा माणूस भाजला. छाती-पोटाची पुढची सगळी बाजू आणि एक संपूर्ण हात खोलवर होरपळला. दोन तासांनी तो रुग्णालयात पोचला. तोवर सलाईन लावलेले नव्हते. पार्कलंड सूत्राने सुरुवातीला ताशी किती सलाईन द्यावे? पुस्तकातला नियम असा : मोठ्या माणसाच्या धडाची पुढची बाजू म्हणजे शरीराचा १८ टक्के भाग, एक हात ९ टक्के, एकूण २७. वजन पन्नास, टक्के सत्तावीस, त्याला चाराने गुणले, की ५,४०० मिलिलिटर. यातले निम्मे, म्हणजे २,७००, पहिल्या आठ तासांत द्यावयाचे. मात्र हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे. दोन तास वाटेतच गेले, उरले सहा. म्हणून ताशी ४५० मिलिलिटर. (अलीकडे मोठ्या माणसाला चाराऐवजी दोनाने गुणून सुरुवात करावी असेही शिकवतात, म्हणून प्रश्नात सूत्राचे नाव आहे का, ते पाहावे.)

हा प्रश्न तीन मुलांचा चुकला. एकाला हाताचे ९ टक्के आठवले नाहीत, त्याने १८ धरले. दुसऱ्याला सगळे पाठ होते, पण ‘दोन तासांनी’ हे शब्द त्याच्या नजरेतून निसटले. त्याने आठाने भागून ३३७ लिहिले. तिसरा त्या प्रश्नापर्यंत पोचलाच नाही, घड्याळ संपले. गुणपत्रिकेत तिघांचाही एकेक गुण गेला, तिथे तिघे सारखेच दिसतात. पण पहिल्याने पान पुन्हा पाठ केले पाहिजे, दुसऱ्याने प्रश्न वाचताना काळ, वय आणि ‘नाही’ हा शब्द यांवर बोट ठेवले पाहिजे, आणि तिसऱ्याने घड्याळ लावून पन्नास-पन्नास प्रश्न सोडवले पाहिजेत. तिघांनीही घाबरून तोच जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून उघडला, तर दोघांचे श्रम वाया गेले. बहुतेक मुले नेमके हेच करतात.

(जाता जाता गावकऱ्यांसाठी : कोणी भाजले, तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी, डॉक्टर ती विचारणारच. जखमेवर वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरावी. शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नये.)

तेव्हा कमी गुण पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच रात्री नव्हे, चुकलेला प्रत्येक प्रश्न समोर घ्यावा आणि वहीत चार रकाने पाडावेत. कधी वाचलेच नव्हते. वाचले होते, पण आठवले नाही. येत होते, पण प्रश्न नीट वाचला नाही. वेळ पुरला नाही. आपल्या १२६ वाल्या मुलाचे १७४ प्रश्न गेले. समजा, त्यांतले ९० पहिल्या रकान्यात पडले, ४० दुसऱ्या, २६ तिसऱ्या आणि १८ चौथ्या. त्याला हवेत फक्त २४ गुण. तीन आठवड्यांत ते ९० नवे विषय डोंगरासारखे दिसतील. पण उरलेल्या तीन रकान्यांत ८४ प्रश्न आहेत. त्यांतला तिसरा हिस्सा हाती आला तरी २८ होतात. प्रत्येकाचे आकडे निराळे येतील, पण ज्याला अर्धेअधिक येत होते त्याचे खरे भांडवल पुष्कळदा याच ठिकाणी पडून असते.

पहिल्या रकान्यातही सगळे सारख्या किमतीचे नसते. परीक्षेच्या माहितीपत्रकात विषयवार प्रश्नसंख्या छापलेली असते. सामान्य वैद्यकशास्त्र (जनरल मेडिसिन) ३३, शल्यचिकित्सा ३२, स्त्रीरोग व प्रसूती ३०, सामाजिक आरोग्यशास्त्र ३०. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा यांचे पंधरा-पंधरा. मानसरोग, त्वचारोग, अस्थिरोग, भूल यांचे पाच-पाच. ज्याचा अस्थिरोग कच्चा आहे त्याने त्यावर आठवडा घालवला, तर पाचांतले दोन-तीन गुण वाढतील. तेवढाच आठवडा सामाजिक आरोग्यशास्त्राला दिला, तर पुष्कळ अधिक हाती लागते.

आणि परदेशात शिकलेल्या मुलाचा हाच विषय बहुधा लंगडा असतो. त्याने तिकडचे लसीकरण पाहिले, तिकडचे कायदे वाचले. आपल्याकडचा क्षयरोग निर्मूलनाचा कार्यक्रम, जन्मतः, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी व नऊ महिन्यांनी दिल्या जाणाऱ्या लसी, उपकेंद्राकडे काय आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे काय, हे त्याला परके. गंमत अशी, की हे सारे त्याच्याच गावात आशाताई आणि आरोग्यसेविका रोज करत असतात. लसीकरणाच्या दिवशी त्यांच्याजवळ तासभर बसावे. तक्ता डोळ्यांसमोर राहतो. न्यायवैद्यकाची जुनी टिपणे मात्र तपासून घ्यावीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. मोठ्या भावाच्या वहीतली कलमे पाठ करून उपयोग नाही.

आता दुसरा रकाना : वाचले होते, आठवले नाही. इथे शास्त्राने एक चांगली गोष्ट दाखवून दिली आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा मिटून लिहिणारे पुढे गेले. आपल्या जुन्या शाळेत गुरुजी पाटी पालथी घालून पाढे म्हणायला लावीत, ते काही उगाच नव्हे. पुन्हा वाचताना ‘हे येते मला’ असे वाटते. ते वाटणे फसवे असते. म्हणून चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर झाकून स्वतःला विचारावे; दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी.

गुरुजनहो, इथे तुमचे काम आहे, आणि त्याला डॉक्टरकी यायची गरज नाही. संध्याकाळी अर्धा तास त्या मुलाची चुकांची वही हातात घ्या आणि वाटेल तिथून प्रश्न विचारा. उत्तर वहीत आहेच. तो अडखळला, तर लगेच सांगू नका. थोडा वेळ जाऊ द्या. बरोबर आले, तर “का?” म्हणून विचारा. ही परीक्षा इंग्रजीत असते आणि प्रश्न कधी कधी सात-आठ ओळींचे असतात. रुग्णांशी सहा वर्षे रशियन भाषेत बोललेल्या मुलाला ते झरझर वाचण्याची सवय राहिलेली नसते. शाळेतले इंग्रजीचे शिक्षक त्याच्याकडून हे उतारे मोठ्याने वाचून घेऊ शकतील.

वेळेबद्दल थोडेसे. २०२४ पासून या परीक्षेत प्रश्नपत्रिकेचे वेळेने बांधलेले टप्पे असतात. एक टप्पा संपला, की मागे जाता येत नाही. तेव्हा ‘हा प्रश्न शेवटी पाहू’ ही जुनी सवय मोडावी लागते. अडलेला प्रश्न त्याच टप्प्यात निकालात काढायचा. गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नये. चारांतले दोन पर्याय खोटे म्हणून टाकता आले, तर उरलेल्यांत निम्मी संधी आहे. ‘पहिले उत्तर बदलू नये’ असे पुष्कळ जण सांगतात, पण अभ्यासकांनी तपासले तेव्हा बदललेली उत्तरे चुकीकडून बरोबरकडे अधिक वेळा गेलेली आढळली. कारण सापडले, तर बदलावे; नुसती धडधड झाली म्हणून बदलू नये.

दहा-बारा दिवसांनी दुसरी पूर्ण सराव परीक्षा द्यावी, खऱ्या परीक्षेच्याच वेळी, दोन्ही भाग एकाच दिवशी. रोज एक देण्यात अर्थ नाही. चुका तपासायला वेळच राहत नाही. ती १४० वर आली, तर वाट बरोबर आहे. वेगवेगळ्या दोन-तीन पत्रिकांत आकडा ११० च्या आसपासच रेंगाळत राहिला आणि आठवडाच उरला असेल, तर ही खेप सोडून पुढची धरावी काय, याचा शांतपणे विचार करावा. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि प्रयत्नांना मर्यादा नाही. मात्र सहा महिने थांबणे फुकट नसते. कर्जाचा हप्ता थांबत नाही. तेव्हा हा निर्णय मुलाने एकट्याने रात्री दोन वाजता घेऊ नये, आणि बापानेही रागाच्या भरात घेऊ नये.

घरच्यांनी गुण विचारण्याऐवजी “आज कोणता रकाना घेतलास?” असे विचारून पाहावे. जागरण करू देऊ नये. वाचलेले मनात झोपेतच मुरते. पोरगे जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणू लागले, तर ते आळसाचे किंवा नाटकाचे लक्षण समजू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येते. होऊ घातलेल्या डॉक्टरानेही तिथे फोन करायला लाजू नये.

शेवटचे दोन दिवस नवे काही वाचू नये. चुकांची वही पुरे. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र आदल्या दिवशीच एका पिशवीत ठेवावे. केंद्र दूरच्या शहरात येऊ शकते आणि केंद्राचे दार ठरल्या वेळी बंद होते. मग कोणाची विनवणी चालत नाही. तेव्हा तेरखेड्याहून पहाटेची गाडी धरण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारीच निघून मुक्कामाला जावे, आणि संध्याकाळी एकदा केंद्राचा रस्ता पायी पाहून यावा.